न खेळणारा संघ : महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील एक गौरव

अमेरिकेत महाविद्यालयीन बास्केटबॉलचा हंगाम संपत आला, की एक आगळा संघ जाहीर होतो. हा संघ एकदाही मैदानात उतरत नाही. त्याला 'ऑल-कॉन्फरन्स' संघ म्हणतात. कॉन्फरन्स म्हणजे परस्परांशी नियमाने सामने खेळणाऱ्या विद्यापीठांचा समूह. 'बिग टेन' हा असा समूह १८९६ साली, तर 'अटलांटिक कोस्ट' हा १९५३ साली स्थापन झाला. त्या समूहातील उत्तम खेळाडूंची नावे एकत्र गुंफून हा गौरवसंघ तयार होतो.

निवड मतदानाने होते. कोठे प्रशिक्षक मत देतात, कोठे क्रीडावृत्तलेखक. 'बिग टेन'मध्ये दोहोंच्या याद्या स्वतंत्रपणे प्रसिद्ध होतात. अनेक ठिकाणी प्रशिक्षकास आपल्याच खेळाडूला मत देता येत नाही. पहिल्या संघात सामान्यतः पाच जण असतात. त्याखालोखाल दुसरा आणि तिसरा संघ येतो.

या गौरवाचे मोल कशात आहे? एखाद्या संध्याकाळी कोणाचाही हात लागतो. परंतु तेच प्रतिस्पर्धी पुनःपुन्हा समोर येतात, खेळाडूच्या खोडी ओळखतात, त्याला रोखण्याचे उपाय शोधतात. आणि तरीही तो प्रभावी ठरतो, तेव्हा त्याचे कसब सिद्ध होते. नॉर्थ कॅरोलायना स्टेटचा डेव्हिड थॉम्पसन १९७३, १९७४ आणि १९७५ अशी सलग तीन वर्षे 'अटलांटिक कोस्ट'चा सर्वोत्तम खेळाडू ठरला, यातील खरा अर्थ हाच.

या पद्धतीत उणीवही आहे. गुण मोजता येतात, म्हणून गुण मिळविणारा चटकन नजरेत भरतो. प्रतिस्पर्ध्याची वाट अडविणाऱ्याचे श्रम मात्र आकड्यांत उतरत नाहीत. अडवलेले फटके आणि हिरावलेले चेंडू यांची राष्ट्रीय पातळीवरील अधिकृत नोंद १९८५-८६ च्या हंगामापासूनच होऊ लागली. पुढे या दोन्ही समूहांनी बचावपटूंचा स्वतंत्र गौरवसंघ निवडण्यास आरंभ केला.

आता आपल्याकडे पाहू. जयपूरच्या राजा पार्क वस्तीपासून जवळच असलेले, १९४७ साली स्थापन झालेले राजस्थान विद्यापीठ आणि मुंबई-पुण्याची विद्यापीठे आंतरविद्यापीठ स्पर्धांत एकाच पश्चिम विभागात मोडतात. म्हणजे समूह आहे. नाही तो दीर्घ हंगाम. विभागीय स्पर्धा एका ठिकाणी थोड्या दिवसांत उरकते. आरंभीच पराभूत झालेल्या संघातील गुणी मुलगा एखाद्या सामन्यानंतर घरी परततो; त्याला पुन्हा पाहण्याची संधी कोणालाच मिळत नाही.

गुणवत्तेची वाण आपल्याकडे नाही. मुंबईच्या नागपाड्यात घडलेले गुलाम अब्बास मुंतसिर यांना १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. आशियाई निवडक संघात स्थान मिळविणारे ते पहिले भारतीय बास्केटबॉलपटू होत. त्यांना देशासाठी वारंवार खेळता आले, म्हणून त्यांचा खेळ पारखला गेला. विद्यापीठांतील खेळाडूंचा असा गौरव करावयाचा, तर नुसती मानचिन्हे वाढवून भागणार नाही. शेजारच्या विद्यापीठांनी वर्षभर एकमेकांच्या मैदानांवर जाऊन खेळावे, ही त्याची पूर्वअट आहे.