अंक जुळले का?

मुलांनो, तार न लावता एका फोनवरून दुसऱ्या फोनवर छायाचित्र कसे जाते? ब्लूटूथमुळे! यात जवळची दोन यंत्रे रेडिओलहरींनी जोडली जातात. पण लहरी हवेत पसरतात. त्या कोणीही पकडू शकतो. मग आपली माहिती सुरक्षित कशी राहील?

त्यासाठी दोन कामे करावी लागतात. पहिले काम ओळख पटवण्याचे. दारावर थाप पडली की आपण आधी "कोण?" असे विचारतो, मगच कडी काढतो. पूर्वी ओळखीसाठी पुष्कळदा '००००' असा ठरावीक आकडा असे. तो कोणालाही सहज ओळखता येई. २००७ साली नवी पद्धत आली. आता दोन फोन जोडताना दोन्ही पडद्यांवर सहा अंकी संख्या दिसते. मध्येच तिसरे यंत्र घुसले, तर संख्या वेगवेगळ्या येतात. त्या योगायोगाने जुळण्याची शक्यता दहा लाखांत एक!

दुसरे काम कुलूप लावण्याचे. दोन्ही यंत्रे एकच गुप्त किल्ली तयार करतात. ती किल्ली हवेतून पाठवली जात नाही. तिने माहिती सांकेतिक होते. चोराला ती मिळाली, तरी वाचता येत नाही.

मात्र अंक पाहणारे डोळे तुमचेच आहेत. घाईने 'हो' दाबू नका. अंक जुळले नाहीत, तर तुम्ही काय कराल?