दुभाषा किती दिवसांचा?

२००६ साली दिवाळी २१ ऑक्टोबरला होती. दिवाळी अंकाच्या धंद्यातल्या माणसाला अशी तारीख वेगळी सांगावी लागत नाही, त्याचं वर्ष तिथूनच उलटं मोजलं जातं. प्रस्तुत लेखक तेव्हा सदाशिव पेठेतल्या एका माडीवर पानं लावण्याचं काम करत असे. अंक १६० पानांचा, त्यातली ९६ पानं लावून झालेली, आणि पितृपंधरवड्यातल्या एका सकाळी टेबलाखालचा पॉवर मॅक जी-फोर बटण दाबूनही ढिम्म. मुंबईच्या एका जाहिरात कंपनीने गाशा गुंडाळताना मिळेल त्या भावाला काढलेलं ते मशीन होतं. मदरबोर्ड गेला, असं निदान झालं.

फाइल्स सगळ्या सीडीवर होत्या, त्यामुळे लेखक महाशय निवांत होते. खरं तर मनातून थोडे खूशच. या निमित्ताने नवं मशीन येईल! ‘पितृपक्षात कशाला रे नवी वस्तू?’ असं आईने म्हणून पाहिलं. तिला कोणी जुमानलं नाही. संध्याकाळी पांढराशुभ्र आयमॅक माडीवर आला.

विकणाऱ्याने खोका उघडता उघडता सांगितलं होतं, “साहेब, यात प्रोसेसर बदललाय बरं का, इंटेलचा आलाय. पण काळजी नको. जुनं सगळं चालतं, आत दुभाषा बसवलेला आहे.” तो खोटं बोलत नव्हता. त्याला होती तेवढी माहिती त्याने दिली, आणि गिऱ्हाइकाने पुढचा प्रश्न विचारला नाही.

रात्री नऊच्या सुमाराला सीडी आत गेली. प्रोग्राम चढवायला घेतला आणि पडद्यावर एक छोटी चौकट उमटली. क्लासिक नावाची व्यवस्था या मशीनवर नाही, सबब हा प्रोग्राम उघडता येणार नाही, असा तिचा मतलब. माडीवर पानं लागत होती ती पेजमेकरवर. पेजमेकरची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ सालची. मॅकसाठी ती जुन्या ओएस नाइनवरच बेतलेली होती. नव्या ओएस टेनच्या पोटात जुनी प्रणाली चालवण्याची जी सोय होती, तिचं नाव क्लासिक. इंटेलच्या मॅकवर ती सोयच नव्हती. दुभाषा होता, पण तो ओएस टेनसाठी लिहिलेल्या प्रोग्रामांचा. त्याच्याही आधीच्या पिढीची भाषा त्याला येत नव्हती.

त्यातून सावरून पाहावं तर दुसरं संकट टेबलावरच पडलेलं: मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं डोंगल. अंगठ्याएवढं ते कुलूप यूएसबीत खोचल्याशिवाय अक्षर उमटत नसे. कुलूप ओळखणारा ड्रायव्हर जुन्या प्रोसेसरसाठी लिहिलेला, आणि दुभाषा ड्रायव्हरचं भाषांतर करत नाही. तो फक्त वरच्या मजल्यावरच्या प्रोग्रामांशी बोलतो. तळघरात उतरत नाही.

या दुभाष्याचं नाव रोझेटा. एकच मजकूर तीन लिपींत कोरलेल्या, ब्रिटिश म्युझियममधल्या त्या प्रसिद्ध शिळेवरून ठेवलेलं. त्यामागचं तंत्र मँचेस्टरच्या ट्रान्झिटिव्ह नावाच्या कंपनीचं होतं.

मुळात अ‍ॅपलला हा उपद्व्याप करायची गरज का पडली? १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशमध्ये मोटोरोलाचा ६८००० प्रोसेसर होता. १९९४ मध्ये कंपनीने अ‍ॅपल, आयबीएम आणि मोटोरोला या तिघांच्या भागीदारीतला पॉवरपीसी घेतला. म्हणजे घर एकदा बदलून झालेलं होतं. पुढे २००३ मध्ये जी-फाइव्ह आला, तेव्हा स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर सभेत शब्द दिला की वर्षभरात ३ गिगाहर्ट्झ गाठू. गाठलं नाही. २००४ चा सर्वांत वेगवान पॉवर मॅक अडीच गिगाहर्ट्झपर्यंत पोचला, तोही मोटारीच्या रेडिएटरसारखं आत द्रव खेळवून थंड ठेवावा लागला. असा निखारा लॅपटॉपमध्ये कोण घालणार? ६ जून २००५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत जॉब्स यांनी इंटेलकडे जाण्याची घोषणा केली. त्यांनी मांडलेला हिशेब विजेचा होता: एका वॉटमागे पॉवरपीसीकडून कामाची १५ एककं मिळणार असतील, तर इंटेलकडून ७०. मग त्यांनी सांगितलं की ओएस टेनची प्रत्येक आवृत्ती गेली पाच वर्षं गुपचूप इंटेलसाठीही तयार होत होती, आणि सकाळपासून मंचावर जे मशीन सगळे पाहत होते, ते इंटेलचंच होतं. जानेवारी २००६ मध्ये पहिले इंटेल मॅक आले आणि ऑगस्टपर्यंत सगळी मालिका बदलून झाली. सात महिने! सरकारी कचेरीत टेबल हलवायला याहून जास्त वेळ लागतो.

प्रोसेसर बदलला म्हणजे नेमकं काय बदलतं, हे मराठी माणसाला समजायला सोपं आहे. आपण २५ लिहितो, पण वाचताना आधी पाच आणि मग वीस म्हणतो, पंचवीस. इंग्रजीत आधी वीस, मग पाच. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असं वाचन सुचवलं आणि केवढा गदारोळ झाला, ते आठवत असेल. मोठी संख्या स्मृतीत ठेवताना इंटेल शेपटाकडून सुरुवात करतो, पॉवरपीसीवरचा मॅक डोक्याकडून करत असे. आज्ञांचा शब्दकोशही दोघांचा वेगळा. दुभाष्याला हे सगळं क्षणाक्षणाला उलटंपालटं करत बसावं लागतं, म्हणून काम चालतं, पण दमछाक होते. फोटोशॉप २००६ भर असंच धापा टाकत चाललं. इंटेलची भाषा मुळातून बोलणारं फोटोशॉप आलं ते २००७ मध्ये, सीएस-थ्रीबरोबर.

इकडे माडीवर नाना उपाय चालू होते. कोणी म्हणालं, इनडिझाइन पेजमेकरच्या फाइल्स उघडतं. उघडतं खरं, पण ओळी सरकतात, म्हणजे ९६ पानांची प्रुफं पुन्हा. दुसऱ्याने विंडोजवरचा पेजमेकर सुचवला. फाइल उघडली, आणि मजकूर वाचून मुद्रितशोधक बाईंनी चष्मा काढून पुसला. जुन्या फाँटांत देवनागरी अक्षरं रोमन अक्षरांच्या खणांत बसवलेली असायची. पहिले १२८ खण मॅकवर आणि विंडोजवर सारखे, वरच्या खणांचा क्रम मात्र दोन्हीकडे निराळा, आणि बरीचशी जोडाक्षरं नेमकी तिथेच. साधी अक्षरं जागेवर, पण ‘द्य’ असावा तिथे भलतंच काहीतरी. “अहो, हे मराठी आहे की मोडी?” असं बाईंनी विचारलं. मोडी असती तर निदान वाचणारे तरी सापडले असते.

शेवटी लॅमिंग्टन रोडला एक जुना जी-फोर मिळाला. लेखकाने तो दादरहून एसटीने, दोन्ही पायांत धरून पुण्याला आणला. उरलेली ६४ पानं त्याच्यावर लागली. अंक धनत्रयोदशीला स्टॉलवर गेला, तोवर लोकांनी इतर अंक घरी नेऊन चाळायलाही घेतले होते. दोन जाहिरातदारांनी पैसे कापले. आई काही बोलली नाही, तेच जास्त झोंबलं.

त्यानंतर गेल्या वीसेक वर्षांत लेखकाने अनेकांना मशीन घेताना जे सांगितलं, ते या फटक्यातूनच आलेलं आहे. नवं मशीन किती पट वेगवान, हे जाहिरात सांगतेच. घेणाऱ्याने आपली अडगळ आठवावी. रोज वापरायचा ब्राउझर किंवा ईमेल कुठेही चालतो. अडतं ते वर्षातून दोनदा लागणाऱ्या वस्तूपाशी. त्यात डोंगल आलं, जुना स्कॅनर आला, बँकेची डिजिटल सही आली, लेबलं छापणारा प्रिंटर आला, आणि कोण्या हुशार पुतण्याने लिहून दिलेला एक्सेलचा मॅक्रोसुद्धा. मॅक्रोचं उदाहरण खरंच घडलेलं आहे. इंटेलवर मुळातून चालणारं मॅकचं ऑफिस २००८ मध्ये आलं, पण त्यातून व्हिज्युअल बेसिकचे मॅक्रो गायब होते. ते परतले २०११ च्या आवृत्तीत. मधली तीन वर्षं ज्यांचा पगारपत्रकाचा हिशेब मॅक्रोवर चालत होता, त्यांना जुनीच आवृत्ती दुभाष्यामार्फत चालवत राहावं लागलं.

त्यासाठी एक साधी रीत आहे. आपली सगळ्यात किचकट, सगळ्यात जुनी फाइल पेनड्राइव्हवर घ्यावी, शक्य असेल तर ते विचित्र यंत्रही पिशवीत टाकावं आणि दुकानात जाऊन पैसे देण्याआधी नव्या मशीनला लावून पाहावं. दुकानदार कपाळाला आठ्या घालतो, घालू दे. ‘चालतं’ हा शब्द त्याच्या तोंडून ऐकू नये, पडद्यावर पाहावा. आणि कामाच्या ऐन हंगामात मशीन बदलूच नये. जुनं बंद पडलंच तर त्याच जातीचं दुसरं भाड्याने आणावं आणि हंगाम काढावा.

दुसरी गोष्ट लोकांच्या पटकन लक्षात येत नाही. दुभाषा कायमच्या नोकरीवर नसतो. २००९ च्या स्नो लेपर्डमध्ये रोझेटा आपोआप मिळेनासा झाला, मागून घ्यावा लागे. २०११ च्या लायनमध्ये तो उरलाच नाही. म्हणजे इंटेल मॅक आल्यापासून जेमतेम साडेपाच वर्षं. तेवढ्यात ज्यांनी फाइल्स नव्या रूपात काढून घेतल्या त्यांचं निभावलं. ‘अजून चालतंय की’ म्हणत बसलेले प्रणाली अद्ययावत करण्याच्या एका क्लिकमध्ये सापडले.

मग आलं २०२०. जूनमध्ये अ‍ॅपलने इंटेललाही निरोप देऊन स्वतः आखलेल्या प्रोसेसरकडे जात असल्याचं जाहीर केलं, आणि १० नोव्हेंबरला पहिला एम-वन दाखवला. या वेळी बेत साफ वेगळा होता, कारण चिप अ‍ॅपलने आखलेली, आयफोनच्या वंशातली, आणि तैवानच्या टीएसएमसीने घडवलेली. यंत्र अप्रतिम निघालं, यात वाद नाही. एम-वनच्या मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही, तरी मांडी भाजत नाही.

शेजारची मुलगी वास्तुकलेच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिचा एअर जवळजवळ ठरलेला. लेखकाने सवयीने विचारलं, “कॉलेजात कुठलं सॉफ्टवेअर लागतं गं?”

“रेव्हिट, काका. पण बॅटरी किती टिकते बघा ना!”

“रेव्हिट विंडोजवरच चालतं. या मॅकवर विंडोज टाकता येतं का, विचारलंस?”

विचारलं नव्हतं. इंटेलच्या मॅकवर बूट कॅम्पने थेट विंडोज चालवता येत असे, २००६ च्या एप्रिलपासूनची ती सोय. नव्या चिपवर ती नाही. मुलीने चार दिवस गाल फुगवले आणि विंडोजचा लॅपटॉप घेतला.

इंटेलसाठी लिहिलेले प्रोग्राम नव्या चिपवर चालवायला या वेळीही दुभाषा दिलेला होता, रोझेटा २. आता या दुसऱ्या दुभाष्याचेही दिवस भरत आलेत. जून २०२५ मध्ये अ‍ॅपलने सांगितलं की मॅकओएस २६, म्हणजे टाहो, ही इंटेल मॅकसाठीची शेवटची प्रणाली. रोझेटा २ पूर्ण स्वरूपात आवृत्ती २७ पर्यंत राहील, नंतर काही जुन्या खेळांपुरता. ज्यांच्याकडे एम मालिकेचा मॅक आहे त्यांनी अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर उघडून ‘काइंड’चा रकाना पाहावा. ज्या नावापुढे ‘इंटेल’ दिसेल तो प्रोग्राम दुभाष्याच्या खांद्यावर बसून चाललेला आहे. त्याची नवी आवृत्ती आहे का, नसेल तर पर्याय कोणता, हे आत्ता पाहून ठेवायला दहा मिनिटं लागतात.

लेखकाच्या मशीनवर असं एकच नाव निघालं, आणि ते नेमकं नको ते. जुन्या फाँटातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा, कुणी तरी हौसेने लिहिलेला कन्व्हर्टर. त्याची नवी आवृत्ती येणार नाही. म्हणून गेल्या पावसाळ्यापासून जुने अंक उपसायला घेतलेत. माळ्यावरून एसटीतून आलेला जी-फोर खाली काढला, तो अजून चालू होतो. त्याच्यावर पेजमेकर उघडायचं, मजकूर बाहेर काढायचा, नव्या मशीनवर आणून कन्व्हर्टरमधून घालायचा आणि मग डोळ्यांत तेल घालून वाचायचं. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होत असे आणि रफार अक्षराच्या नंतर. कन्व्हर्टर बहुतेकदा त्यांना जागेवर आणतो. पण ‘दर्शन’चा रफार मधूनच उडी मारून पुढच्या ‘न’वर जाऊन बसतो, तो हाताने उतरवावा लागतो. त्याच मुद्रितशोधक बाई, आता सत्तरीच्या, आठवड्यातून दोन दुपारी येतात आणि चहा होईपर्यंत चार पानं तपासून ठेवतात.

नव्याकडून जुन्याकडे असं काम चाललंय. सध्या २००६ चा अंक हाती आहे. काल ९६ पानं पुरी झाली.