ताठ मूव्हिंग कॉइलसाठी आर्म कसा जुळवावा

मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज घ्यायचं ठरलं की बहुतेक जण आधी कार्ट्रिज निवडतात आणि आर्म आहे तोच चालेल असं धरून चालतात. जुन्या वळणाच्या एमसीच्या बाबतीत हा क्रम उलटा हवा. आधी आर्म ओळखायचा, मग त्याला पेलेल अशी कार्ट्रिज आणायची. या कार्ट्रिजची सुई ज्या दांडीवर बसते, ती दांडी रबराच्या ताठ गादीत धरलेली असते. हलका आर्म त्या ताठपणापुढे स्थिर राहत नाही. मग महागडी कार्ट्रिजही स्वस्त वाटते.

आज नव्या मिळणाऱ्यांपैकी जुन्या वळणाच्या खऱ्या प्रतिनिधी दोन. एक ऑर्टोफोनची एसपीयू, १९५९ सालची. दुसरी डेनॉनची डीएल-१०३, जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला घडवलेली. दोन्ही मुळात रेडिओ केंद्र आणि स्टुडिओतल्या रोजच्या वापरासाठी होत्या, म्हणून दणकट, जड वजनावर चालणाऱ्या आणि बारीकसारीक चुका पोटात घालणाऱ्या. गंगाखेडसारख्या गावात, जिथे कार्ट्रिज बसवून देणारं दुकान नाही आणि सगळं स्वतःच्या हातांनी करायचं असतं, तिथे हा गुण फार मोलाचा आहे.

सर्वांत आधी घरातल्या रेकॉर्ड बाहेर काढून दोन गठ्ठे करा. भीमसेन जोशींची अभंगवाणी, किशोरीताईंचे राग, कुमारांची निर्गुणी भजनं हा एलपींचा गठ्ठा. बालगंधर्व, दीनानाथ, हिराबाई यांच्या लाखेच्या ७८ च्या तबकड्या हा दुसरा. दुसऱ्या गठ्ठ्याला पुढची कृती लागू नाही. लाखेच्या तबकडीची खाच रुंद असते, तिला सुमारे ६५ मायक्रॉनचं टोक लागतं. डीएल-१०३ चं गोल टोक १६.५ मायक्रॉनचं आहे. ते खाचेच्या तळाशी घासत जाईल आणि खरखरीशिवाय काही देणार नाही. त्यासाठी ऑर्टोफोनची सीजी ६५ सारखी वेगळी मोनो कार्ट्रिज घ्यावी. शिवाय टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ सारख्या टर्नटेबलवर ७८ चा वेगच नाही, हेही आधी पाहून घ्या.

एलपींच्या गठ्ठ्यातल्या ज्या रेकॉर्ड वर्षानुवर्षं एचएमव्हीच्या फिएस्टासारख्या जड सुईच्या प्लेअरवर वाजल्या आहेत, त्यांची खाच गोल सुईनेच झिजलेली असते. डीएल-१०३ चं गोल टोक पुन्हा त्याच झिजलेल्या पट्ट्यावर बसणार. अशा रेकॉर्ड जास्त असतील तर एसपीयूची लंबगोल सुईची आवृत्ती घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. लंबगोल टोकाला खाचेचा न झिजलेला भाग सापडण्याची शक्यता जास्त असते.

आता आर्म. त्याचा इफेक्टिव्ह मास, म्हणजे हलताना सुईला जाणवणारं आर्मचं वजन, माहितीपुस्तिकेत सापडतो. टेक्निक्स एसएल-१२०० च्या आर्मचा मूळ हेडशेलसह १२ ग्रॅम, रेगा आरबी३०० चा ११ च्या आसपास, फिडेलिटी रिसर्च एफआर-६४एस चा तब्बल ३५. न सुटणाऱ्या हेडशेलचा एसएमई ३००९ इम्प्रूव्ह्ड मात्र ६.५ ग्रॅमचा आहे. तो शुअर व्ही१५ सारख्या मऊ कार्ट्रिजच्या जमान्यातला. दिसायला कितीही देखणा असला तरी आपल्या कामाचा नाही.

मग हिशेब. आर्मचा इफेक्टिव्ह मास आणि कार्ट्रिज व स्क्रू यांचं वजन ग्रॅममध्ये मिळवा. त्याला कार्ट्रिजच्या लवचीकतेच्या आकड्याने गुणा. गुणाकाराचं वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्याने भागा. उत्तर येतं ते जोडीच्या अनुनादाचं, हर्ट्झमध्ये. ते ८ ते १२ च्या मध्ये हवं. वाकलेल्या रेकॉर्डचे हेलकावे याच्या खाली असतात आणि संगीत २० हर्ट्झच्या वर सुरू होतं, म्हणून मधली ही पट्टी मोकळी. एक खोच लक्षात ठेवा. डेनॉन लवचीकता १०० हर्ट्झवर मोजून ५ असा आकडा देते. हिशेबासाठी १० हर्ट्झचा आकडा लागतो आणि तो साधारण दीड ते दोन पट असतो. मी ८.५ धरतो.

डीएल-१०३ चं वजन ८.५ ग्रॅम, स्क्रू-नट अंदाजे १ ग्रॅम. टेक्निक्सच्या आर्मवर एकूण २१.५ ग्रॅम, उत्तर ११.८ हर्ट्झ. चालेल, पण काठावर. मूळ हेडशेल काढून त्याहून ५ ग्रॅम जड हेडशेल लावलं की १०.६ वर येतं, आणि गाणं लगेच जमिनीवर टेकतं. ३००९ इम्प्रूव्ह्डवर हीच कार्ट्रिज १३.६ वर जाते. तिथे सुईला ठोस आधार मिळत नाही आणि डग्ग्याचा घुमारा सैल पडतो.

एसपीयूचा प्रश्न वेगळा. ती हेडशेलसकट एकसंध येते आणि वजन ३० ग्रॅमच्या घरात. टेक्निक्सच्या मूळ काउंटरवेटने तिचा तोलच साधत नाही, जड काउंटरवेट आधी मिळवावं लागतं. मागवताना ए आणि जी यांतला फरक विसरू नका. जी प्रकारात कॉलरपासून सुईपर्यंत ५२ मिलीमीटर, ए प्रकारात ३०. नेहमीच्या एस आकाराच्या आर्मला जी लागते. आपल्याकडे पार्सल परत पाठवणं म्हणजे पंधरवड्याची खोटी, म्हणून हे आधीच पक्कं करा. जुनी, वापरलेली कार्ट्रिज असेल तर बाजूने काढलेला फोटो मागवा. पोट रेकॉर्डला टेकत असेल तर आतलं रबर गेलं. एमसीची सुई घरी बदलता येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

डीएल-१०३ बसवण्यासाठी २.५ मिलीमीटरचे पितळी स्क्रू, बारीक चिमटा आणि छोटा आरसा लागतो. लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर सुईपासून लांब ठेवा, कारण आतला चुंबक जबर असतो. तारांचे रंग ठरलेले: पांढरी डावी, निळी तिची परतीची, लाल उजवी, हिरवी तिची परतीची. कार्ट्रिजच्या पिनांवर डाग देऊ नका. मल्टिमीटर लावून कॉइल तपासायचा मोहही टाळा, त्याचा प्रवाह त्या केसासारख्या तारेला सोसत नाही.

सुई कुठे टेकावी हे ठरवायला कागदी प्रोट्रॅक्टर छापून घ्या. झेरॉक्सच्या दुकानात कागद कमी-जास्त ताणून छापला जातो, म्हणून त्यावरची १०० मिलीमीटरची रेघ आधी पट्टीने मोजा. मध्यबिंदूपासून ६६ आणि १२०.९ मिलीमीटरवर कार्ट्रिजच्या कडा रेघांना समांतर आल्या की स्क्रू आवळा. मग सुईखाली आरसा ठेवून समोरून पाहा. कार्ट्रिज आणि तिचं प्रतिबिंब एका उभ्या रेषेत दिसायला हवं. आर्मची उंची रेकॉर्डला समांतर ठेवली की पुरे, गोल सुई याबाबत फार हट्टी नसते. रेगाच्या आर्मला उंचीची सोय नाही, तिथे बुडाखाली वॉशर घालावे लागतात.

वजनासाठी सराफ वापरतात तसा ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा उत्तम. पण त्याची तबकडी पोलादी असेल तर चुंबक तिला ओढतो आणि आकडा खोटा येतो. वर प्लॅस्टिकचा जाड तुकडा ठेवून काटा शून्यावर आणा. सुई रेकॉर्डच्याच उंचीवर टेकेल याचीही काळजी घ्या. डीएल-१०३ ला २.५ ग्रॅम, एसपीयूला ४. हा आकडा ऐकून घाबरून वजन कमी करणारे खूप आहेत, आणि रेकॉर्ड तेच जास्त खराब करतात. हलकी पडलेली सुई खाचेत आदळत जाते.

अँटिस्केटिंग कानाने लावा. गाणं चढतं तिथे उजव्या स्पीकरमध्ये आधी चरचर आली तर वाढवा, डाव्यात आली तर कमी करा.

डीएल-१०३ फक्त ०.३ मिलिव्होल्ट देते, साध्या एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) फोनोला त्याच्या दहापट लागतात. १:१० चा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लावला की ३ मिलिव्होल्ट होतात आणि कार्ट्रिजला ४७० ओहमचा भार दिसतो, जो तिच्या कॉइलच्या ४० ओहमला जमतो. एसपीयूचे ०.२ मिलिव्होल्ट आणि जेमतेम काही ओहम, तिला १:२० बरा. ट्रान्सफॉर्मर स्टॅबिलायझर आणि अँप्लिफायरपासून हातभर लांब ठेवा, गुणगुण निम्मी तिथेच जाते. तरी राहिली तर घराचं अर्थिंग पाहा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, कोरडी पडते आणि अर्थिंगचा खड्डा नावापुरता उरतो. त्यात पाणी घालायची सवय ठेवा.

शेवटची पारख तंबोऱ्यावर. रागाच्या एलपीची सुरुवात लावा, गायक सुरू होण्याआधीचा भाग. सूर दर १.८ सेकंदांनी डोलत असेल तर दोष रेकॉर्डचा आहे, भोक मध्यावर नाही किंवा ती वाकली आहे. त्याहून खूप जलद थरथर ऐकू आली तर जोडी जुळलेली नसावी, हेडशेलचं वजन बदलून पुन्हा पाहा. वूफरचा पडदा आवाज नसताना आत-बाहेर हलत असेल तर अनुनाद फार खाली गेला, हेडशेलचं वजन कमी करा. संत जनाबाईंच्या गंगाखेडात अभंगातली चिपळी आणि टाळ स्वच्छ, वेगवेगळे ऐकू यायलाच हवेत. टाळांचा नुसता फसफसाट होत असेल तर सुईवरचा धूळकण आणि वजन दोन्ही तपासा.

आणि ऋतू. कार्ट्रिजचं रबर २० ते २५ अंशांना नीट वागतं. परभणी जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो, हिवाळ्यात पहाटे एक आकडी होतो. उन्हाळ्यात रबर मऊ पडतं आणि सुई दबते, तेव्हा डीएल-१०३ चं वजन २.३ वर आणा. थंडीत ते आखडतं, तेव्हा २.७ करा. कंपनीने २.२ ते २.८ ची मुभा दिलीच आहे. ज्या खोलीत आणि ज्या वेळी ऐकता, त्याच वेळी काटा लावा. पत्र्याच्या खोलीत भर दुपारी केलेली जुळणी रात्री कामाची नसते. नवी कार्ट्रिज असेल तर महिनाभर ऐकून झाल्यावर स्क्रू, वजन आणि सुईची जागा पुन्हा एकदा तपासून घ्या.