चार कॉपी की पाच?

प्रत्येक जीनच्या दोनच कॉपी, एक आईची नि एक बाबांची, असे मी बारावीला पाठ केले होते. पण प्रतिकारशक्तीतला सीसीएल३एल१ हा जीन कुणात एकही नसतो, कुणात पाच-सहा असतात. ज्यांच्यात तो सरासरीपेक्षा कमी, त्यांना एचआयव्हीचा धोका जास्त, असे २००५ साली 'सायन्स'मध्ये छापून आले. २००९ मध्ये इतर गटांनी 'नेचर मेडिसिन'मध्ये कळवले, की आम्हाला असे काही दिसत नाही! काहींनी बोट ठेवले ते मोजण्याच्या पद्धतीवरच.

रिअल-टाइम पीसीआरमध्ये दर सायकलला डीएनए दुप्पट होतो. ठरावीक पातळी गाठायला किती सायकल लागल्या, त्यावरून कॉपी काढतात. एक आणि दोन कॉपींत पूर्ण एका सायकलचा फरक. चार आणि पाचमध्ये? बेस २ चा लॉग घ्या: फक्त ०.३२. पिपेट जरा चुकली की संपले. मशीन सांगते ४.४७, आणि आपण जर्नलमध्ये रीडिंग ढकलतो तसे ते ढकलता येत नाही.

नॉटिंगहॅमच्या जॉन आर्मर यांच्या गटाने २००७ मध्ये पॅरालॉग रेशो टेस्ट मांडली. तपासायचा भाग आणि त्याच्यासारखाच, पण नेहमी दोनच कॉपी असणारा दुसरा भाग, दोन्ही एकाच प्रायमर-जोडीने एकाच नळीत वाढवायचे. चूक दोघांची बहुतेक सारखी, म्हणून भागाकारात उडून जाते. व्हीटस्टोन ब्रिज आठवतोय ना? सप्लाय हलला तरी बॅलन्स हलत नाही, तसेच.

डिजिटल पीसीआरमध्ये नमुना हजारो थेंबांत वाटून चमकलेले थेंब मोजतात. एका थेंबात दोन रेणू शिरू शकतात, म्हणून पॉयसन डिस्ट्रिब्युशन लावतात. हो, एम-थ्रीमधलेच!