फोन कुठे ठेवायचा, हे कोणी ठरवायचं?

चि. सायली हिस,


तुझी तुलना वाचली. एका बाजूला अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानियातली आमिशांची घोडागाडी, घरचं दूधदुभतं, संध्याकाळी एका टेबलाभोवती जेवणारं कुटुंब; दुसऱ्या बाजूला तुमचा पुण्यातला फ्लॅट, चौघीजणी आणि चार स्क्रीन. यावरून तू ठरवून मोकळी झालीस की स्मार्टफोन विकायचा, साधा बटणांचा फोन घ्यायचा आणि जमलं तर नोकरी सोडून गाव गाठायचं. जरा दमानं घे. आमिशांकडे काय काय नाही, याची यादी तू छान केली आहेस. पण ते एखादी गोष्ट नाकारतात ती कशी नाकारतात, हे तुझ्या यादीत कुठेच नाही, आणि घेण्यासारखं काही असेल तर ते तेवढंच आहे.

यंत्रांना भिऊन मागे राहिलेले लोक, अशी त्यांची प्रतिमा व्हिडिओंमधून तयार होते. ती खरी नाही. १६९३ साली याकोब आमान याच्या मागे जाऊन स्वित्झर्लंड-आल्सास भागातल्या एका ख्रिस्ती पंथातून हे लोक फुटले आणि अठराव्या शतकात अमेरिकेत येऊ लागले. तिथे त्यांचं राहणीमान बराच काळ शेजारच्या शेतकऱ्यांसारखंच होतं. वेगळेपण डोळ्यांत भरू लागलं ते विसाव्या शतकात, फोन, वीज आणि मोटार दाराशी आल्यावर. पेनसिल्व्हानियातल्या लँकेस्टर परगण्यात सुमारे १९१०मध्ये घरात फोन नको असं ठरलं. पण आजारपणात डॉक्टर बोलवावा लागतो, गाय अडली तर जनावरांचा डॉक्टर लागतो. म्हणून पुढे तडजोड निघाली: वाटेच्या कडेला लाकडी खोपटं, आपल्याकडच्या शेतातल्या मोटारीच्या खोलीएवढं, आणि त्यात काही घरांमध्ये मिळून एक फोन. ज्याला गरज आहे त्यानं थंडीत चालत जायचं, उभ्याउभ्या बोलायचं, निरोप आला असेल तर ऐकायचा आणि परत यायचं. फोन वापरता येतो, पण जेवणाच्या टेबलावर तो वाजत नाही. बंदी आणि मुभा यांच्यामधली ही जागा शोधायला त्यांना काही दशकं लागली, हे विसरू नकोस.

विजेचंही तसंच. वीज कंपनीची तारेवरून येणारी वीज घरात घ्यायची नाही, पण डिझेल इंजिनावर हवा दाबून सुतारकामाची यंत्रं चालवायला हरकत नाही. मोटार स्वतःची नको, भाड्यानं चालेल. १९६०च्या दशकाच्या अखेरीस दूध कंपन्या थंड टाक्यांची अट घालू लागल्या, तेव्हा लँकेस्टरच्या बिशपांनी टाक्या मान्य केल्या. पण त्या डिझेलवर चालतील आणि रविवारी दूध उचललं जाणार नाही, या बोलीवर. ही शुद्ध पळवाट नव्हे का, असं तू विचारशील. यंत्र पाप आहे असं ते म्हणत असते, तर ही लबाडीच ठरली असती. ते तसं म्हणत नाहीत. त्यांचा प्रश्न असा की ही वस्तू घरात आल्यावर माणसं एकमेकांपासून लांब जातील का? वीस ते चाळीस कुटुंबांची एक मंडळी असते, उपासना आळीपाळीनं एकमेकांच्या घरी होते, म्हणून घरं घोडागाडीच्या टप्प्यात असावी लागतात. प्रत्येकाच्या दारात मोटार आली की हा टप्पाच मोडतो. मंडळीचे नियम सहसा लिहिलेले नसतात. वर्षातून दोनदा, प्रभुभोजनाच्या आधी, त्यांवर सगळ्यांची संमती घेतली जाते. म्हणूनच एका मंडळीत चालतं ते दुसरीत चालत नाही.

आता याची किंमत. ती तुझ्या तुलनेत आलेली नाही आणि ती मोठी आहे. जाणत्या वयात बाप्तिस्मा घेऊन जो नियम मोडतो, त्याला वाळीत टाकतात. घरचेही त्याच्या पंक्तीला बसत नाहीत. आपल्याकडे जातपंचायतींनी हेच केलं आणि महाराष्ट्राला २०१६मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला, तेव्हा या प्रकाराला गोड म्हणण्याचं कारण नाही. धर्मोपदेशक पुरुषच असतात. शाळा आठवीपर्यंत. १९७२मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांना त्यापुढच्या सक्तीच्या शिक्षणातून सवलत दिली, पण त्याच खटल्यात न्यायमूर्ती डग्लस यांनी, मुलांना स्वतःला काय वाटतं हे कुणी विचारलं का, असा आक्षेप नोंदवला. मला तो आजही बिनतोड वाटतो. बहुसंख्य तरुण पंथातच राहतात, हे सुखाचं प्रमाणपत्र म्हणून सांगितलं जातं. आठवी शिकलेल्या, सगळं गणगोत आतच असलेल्या मुलीला बाहेर पडणं किती सोपं असेल, याचा विचार तू कर. १९००च्या सुमारास पाचेक हजार असलेले हे लोक आज चार लाखांच्या घरात गेले, ते घरटी सहा-सात मुलांमुळे. बाहेरून येऊन आमिश झालेले अगदी थोडे. तुझ्या-माझ्यासाठी ते दार जवळजवळ बंदच आहे, आणि उघडं असतं तरी तू जाऊ नयेस असंच मी म्हणाले असते.

मग उरतं काय? उरतं ते हे की अशा वस्तूंचा निर्णय एकट्यानं होत नाही. तू एकटीनं स्मार्टफोन सोडलास, तर ऑफिसच्या ग्रुपवरचे निरोप रूममेट तुला वाचून दाखवणार, भाजीचे पैसे तिच्या फोनवरून जाणार, रिक्षाही तीच बोलावणार. तुझा त्याग तिच्या मानेवर बसेल, आणि दोन महिन्यांत तू नवा फोन घेशील. आमिशांचा नकार टिकतो तो त्यांची इच्छाशक्ती दांडगी आहे म्हणून नव्हे. शेजाऱ्याच्या घरातही फोन नाही, म्हणून. आपल्याकडे अशी मंडळी कुठे आहे, हा तुझा आक्षेप मला दिसतो आहे. सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२मध्ये तिथल्या लोकांनी गावाच्या बैठकीत ठरवलं आणि संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला: दीड तास टीव्ही-मोबाइल बंद, मुलांनी अभ्यास करायचा. धर्म नाही, बहिष्कार नाही, फोनही कुणी विकला नाही. सगळ्यांनी मिळून एक वेळ ठरवली, एवढंच.

तुमच्या फ्लॅटमध्ये चौघी आहात. गावाएवढी नाही, पण एक लहानशी मंडळी ती आहेच, आणि तिला आठवीपर्यंतच शिकलेलं असण्याची गरज नाही. चार्जर झोपायच्या खोलीत असावेत की बाहेर, जेवताना फोन कुठे असावेत, आणि कुणाला रात्री ऑफिसचा फोन घ्यावाच लागत असेल तर तिनं काय करायचं, हे चौघींनी बसून ठरवा. सहा महिन्यांनी पुन्हा बसा आणि पटत नसेल ते बदला. जिला मान्य नसेल तिच्याशी अबोला धरू नका. नोकरी सोडण्याचा विषय तोवर बाजूला ठेव. या रविवारी तिघींशी बोल आणि काय ठरलं ते मला कळव. फोन विकायचाच असेल, तर त्यानंतर विक.

तुझी,
मावशी