रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून

नौपाडा, ठाणे

चि. ओंकार यास,


ऑफिसच्या तपासणीत तुझा रक्तदाब १३४/८६ निघाला, पण सोडियम-पोटॅशियम नॉर्मल आलं म्हणून तू निर्धास्त आहेस, असं वहिनी फोनवर सांगत होती. तुझं हे निर्धास्त राहणं मला पटत नाही. पॅथॉलॉजी लॅबमध्ये उभी हयात गेली, म्हणून हक्काने लिहिते.

नळीतलं रक्त फिरवलं की पेशी तळाला बसतात आणि वर पिवळसर द्रव उरतो. यंत्रात जातो तो एवढाच. तुझ्या रिपोर्टावरचं पोटॅशियम या द्रवातलं. शरीरातलं जवळजवळ ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं, त्याची या कागदावर नोंदच नसते. बाहेर ते ४ च्या आसपास, तर आत १४०. सोडियमचं उलट: बाहेर १४०, आत दहा-पंधरा. हा फरक राखायला पेशीच्या आवरणात पंप अखंड राबतात. तीन सोडियम बाहेर काढायचे, दोन पोटॅशियम आत घ्यायचे. डेन्मार्कच्या येन्स स्कू यांना १९५७ मध्ये या पंपाचा माग लागला तो खेकड्याच्या पायातल्या नसांत; १९९७ मध्ये त्याबद्दल नोबेल मिळालं.

रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायुपेशीत सोडियम वाढलं की कॅल्शियम बाहेर पडायला अडतं, स्नायू आवळलेला राहतो आणि दाब चढतो. १९८० मध्ये बॉस्टनला मित्झी कनेसा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की उच्च रक्तदाबाच्या रुग्णांच्या तांबड्या पेशींत सोडियमची ने-आण वेगळ्या गतीने होते, आणि त्यांच्या सख्ख्या नातेवाइकांतही तोच कल दिसतो. तू मात्र ही चाचणी शोधत फिरू नकोस. निरोगी आणि रुग्ण यांचे आकडे एकमेकांत इतके मिसळतात, की एकट्या माणसाबद्दल त्यातून ठाम काही सांगता येत नाही. दादा-वहिनी दोघंही रक्तदाबाच्या गोळ्या घेतात, हे तुला सावध व्हायला पुरेसं आहे.

आता ताटाचं बोलू. दिवसाला मीठ ५ ग्रॅमच्या आत आणि पोटॅशियम साडेतीन ग्रॅम तरी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. यातला दुसरा भाग सगळे विसरतात. पोटॅशियम कमी पडलं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं. तुझा सकाळचा वडापाव डोंबिवली स्टेशनबाहेर, डब्यात लोणचं-पापड, परतताना फरसाण, रविवारी सुकट. मीठ सगळीकडून येतं, पोटॅशियम कुठून येणार? घरात पालेभाजी होते, पण वहिनी ती उकडून घट्ट पिळते आणि हिरवं पाणी मोरीत ओतते. बरंचसं पोटॅशियम त्या पाण्यात उतरलेलं असतं. माठ, चवळई धुऊन, चिरून, वाफेवर शिजवायची. पाणी उरलंच तर आमटीत घालायचं. फरसाणाऐवजी केळं खा, मूग-चवळीची उसळ रोजच्या डब्यात येऊ दे, ताकात मीठ नको.

कमी सोडियमचं मीठ घरात आणू का, असं तू विचारलं होतंस. त्यात थोडं पोटॅशियम क्लोराइड असतं. चीनमधल्या ६०० गावांपैकी निम्म्यांत असं मीठ वापरून पाहिलं. २०२१ मध्ये निष्कर्ष आले, पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटलं. हे मीठ चांगलंच आहे, पण तुमच्या घरासाठी नाही. दादाचं क्रिएटिनीन वाढलंय, म्हणजे मूत्रपिंड थकलंय, आणि तो रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन घेतो. अशा माणसाच्या रक्तात पोटॅशियम साचून हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि स्वयंपाक तर सगळ्यांचा एकच. तेव्हा साधंच मीठ, पण कमी. केळी-शहाळीसुद्धा दादाला किती चालतील ते त्याच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. सैंधवाच्या नादी लागू नका. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच.

एका आकड्यावर घाबरूही नकोस. लोकलमधून उतरून पूल चढून आल्याआल्या मोजलेला दाब धरायचा नाही. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बस आणि मग दोनदा मोज. आठवडाभर सकाळ-संध्याकाळचे आकडे वहीत मांड आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. माझं यंत्र शनिवारी पाठवते. पट्टा दंडाला नीट पुरतो का ते आधी पाहा. तोकड्या पट्ट्याने आकडा उगाच जास्त येतो.

तुझी,
आत्या