भाडेकराराचा नमुना कुठून घ्यावा?

प्रश्न : पुण्यात ११ महिन्यांसाठी फ्लॅट भाड्याने घेत आहोत. एजंटाने दिलेल्या मसुद्यात सगळ्या अटी घरमालकाच्या सोयीच्या आहेत. दोघांनाही न्याय्य असा नमुना कुठे मिळेल? ‘नोटरी केली की पुरे’, असे एजंट म्हणतो, ते खरे का?

उत्तर : नोटरी पुरेशी नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मग मुदत ११ महिन्यांची का असेना. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. ती टाळल्यास, वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोवर उलट सिद्ध होत नाही.

नमुन्यासाठी राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरील ‘लिव्ह अँड लायसन्स’च्या ऑनलाइन नोंदणीचा मसुदा आधार धरा. त्यात जादा अटी घालता येतात. खरी काळजी तिथेच घ्यायची :

• डिपॉझिट किती दिवसांत परत आणि कोणत्या कारणासाठी कापणार?
• नोटिशीचा काळ दोघांनाही सारखाच हवा.
• सोसायटीचा मेंटेनन्स, वीजबिल, मोठी दुरुस्ती कोणाकडे?
• लॉक-इन असल्यास तो मालकालाही बंधनकारक हवा.
• पंखे, गिझर, नळ यांची स्थितीसह यादी आणि फोटो.

‘मालक ठरवेल त्याप्रमाणे’ असे शब्द दिसले की तिथे आकडा किंवा तारीख लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर डिपॉझिट देऊ नका.